बिडाचा नांगर

मराठी भाषेत ‘बीड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बीड हे मराठवाड्यातील एका जिल्ह्याचे आणि त्याच्या मुख्य गावाचे नाव आहे. तसेच वितळवून साच्यात ओतलेल्या लोखंडालाही बीड म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातील जाड, काळा, जड तवा बहुधा याच बिडाचा असतो. उच्चार एक, पण वस्तू दोन. तरीही या दोन बिडांची गाठ एका ठिकाणी पडली, आणि ते ठिकाण म्हणजे काळ्या मातीचे शेत.

बीड जिल्ह्यात गोदावरीच्या काठाने, गेवराई आणि माजलगाव या भागांत, खोल काळी जमीन आहे. ही माती मोठी मानी. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि पायाला लोण्यासारखी चिकटते. उन्हाळ्यात तिच्यातील पाण्याची वाफ होऊन ती आकसते, दगडासारखी टणक होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी जमीन पूर्वी बाभळीच्या लाकडाच्या अवजड नांगराने नांगरावी लागे. एकेका नांगराला अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत. एवढे करूनही तो नांगर मातीला केवळ फाडीत जाई. तिला उलटी करून खालचा थर वर आणणे त्याला साधत नसे. हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल तशीच राहत, आणि पहिला पाऊस पडताच ती पुन्हा वर डोकावत. ही स्थिती एकट्या बीड जिल्ह्याची नव्हती. काळी माती जेथे जेथे पसरली आहे, त्या साऱ्या दख्खनच्या पठारावर शेतकऱ्याचे हेच दुखणे होते.

या दुखण्यावर ज्यांनी लोखंडाचा उपाय शोधला आणि तो मराठी कारागिरांच्या हातून घडवून घेतला, त्यांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. लोखंडासारख्या हट्टी पदार्थाला त्यांनी वश केले. माणसांच्या मनातील समजुती मात्र त्याहूनही हट्टी निघाल्या.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. आज ते कर्नाटक राज्यात आहे. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे जाणकार होते. घरात विद्येला मान होता. पण लक्ष्मणाचे चित्त शाळेच्या पुस्तकांत फारसे रमेना. त्याला दोन गोष्टींचे वेड होते: चित्रे काढणे आणि यंत्रे पाहणे. यंत्र दिसले की ते कसे चालते, याचा शोध घेतल्यावाचून त्याला चैन पडत नसे.

चित्रकार व्हावे अशा इच्छेने तो मुंबईस गेला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. हात कुशल होता, नजर तीक्ष्ण होती. रेषा जशी हवी तशी उमटे. दोन वर्षे अशी गेल्यावर एक कठोर सत्य उघड झाले. काही रंगांतील भेद लक्ष्मणाच्या डोळ्यांना कळतच नव्हता. हा दोष जन्मजात असतो आणि त्याला औषध नाही. ज्या विद्येसाठी घरदार सोडले, तिचे दार असे अकस्मात बंद झाले.

दुसरा एखादा तरुण हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र निराळा विचार केला. रंग हातचे गेले, तरी रेषा हातची गेली नव्हती. त्यांनी चित्रे सोडून यंत्रांची आरेखने काढण्याचा अभ्यास आरंभिला. मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली होती. पुढे त्या संस्थेत ते यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक झाले. शिकविण्याचे काम संपले की ते कर्मशाळेत जात, यंत्रे उघडून पाहत, पुन्हा जोडीत, आणि इंग्रजी पुस्तके व मासिके वाचून त्यांतील आकृत्यांचा अर्थ लावीत. पदवी त्यांच्याजवळ नव्हती. जे ज्ञान मिळविले ते डोळ्यांनी, हातांनी आणि वाचनाने.

त्यांचे वडील बंधू रामचंद्रराव, ज्यांना सारे रामुअण्णा म्हणत, त्यांच्या पाठीशी पहिल्यापासून उभे होते. दोघा भावांनी मिळून 1888 साली बेळगावात सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, अशी वाटणी होती. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा दुसऱ्या, गोऱ्यांच्या नात्यातील माणसास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. पोटासाठी सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि लोकांना त्या चालविण्यास शिकविणे हे चालूच होते; पण दुसऱ्याने घडविलेली वस्तू विकण्यात त्यांचे समाधान होईना. त्यांना स्वतः वस्तू घडवावयाची होती.

कोणती वस्तू घडवावी? लक्ष्मणरावांनी आपल्या भोवती पाहिले. दहांतील आठ माणसे शेतावर जगणारी. त्यांच्या हाती होती ती हत्यारे पिढ्यान्‌पिढ्या तीच होती. म्हणून त्यांनी पहिले यंत्र घडविले ते कडबा कापण्याचे. सबंध कडबा गुरांपुढे टाकला की ती पाने खातात आणि जाड ताटे पायांखाली तुडवितात. तोच कडबा बारीक कापून घातला तर वाया जात नाही. यंत्र साधे होते. पण दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याच्या गोठ्यात त्याचे मोल मोठे होते.

यानंतर त्यांनी नांगराकडे लक्ष दिले. परदेशांतून येणारे लोखंडी नांगर त्यांनी न्याहाळले होते. त्या नांगरांचा फाळ जमिनीत खोल शिरतो आणि त्याला जोडलेला वक्र पंखा कापलेली माती उलटून टाकतो. वरची माती खाली जाते, खालची वर येते. तणांची मुळे उन्हात पडून जळतात. असा नांगर येथेच करावा, आपल्या बैलांना पेलेल आणि आपल्या शेतकऱ्याला परवडेल असा करावा, हा त्यांचा निश्चय झाला.

येथे एक शंका कोणासही येईल. लोखंड लाकडापेक्षा पुष्कळ जड. मग लोखंडाचा नांगर बैलांना सोपा कसा जावा? याचे उत्तर पदार्थांच्या घनतेत आणि बळकटीत आहे. एका भांड्यात मावेल एवढ्या पाण्याचे वजन एक शेर धरले, तर तेवढ्याच जागेतील बिडाचे वजन सात शेरांहून थोडे अधिक भरते. बाभळीचे लाकूड पाण्यावर तरंगते, म्हणजे ते एका शेराहूनही हलके. परंतु लोखंड जसे जड, तसे ते लाकडाच्या मानाने फार बळकटही आहे. जेथे लाकडाचा ओंडका लागतो, तेथे लोखंडाचे पातळ पाते पुरते. पातळ पाते मातीतून कमी अडथळ्याने सरकते आणि घासून गुळगुळीत झालेल्या त्याच्या पाठीवरून माती घसरत जाते. तेव्हा नुसते जड किंवा हलके यावरून पदार्थाची पारख होत नाही. कोणत्या कामी कोणता गुण उपयोगी पडतो, हे पाहावे लागते.

पण नांगराचा वाकडातिकडा पंखा घडवावा कसा? लोहार तापलेले लोखंड घणाने ठोकून आकार देतो. अशा रीतीने एखादा पंखा घडेल. हजार पंखे तंतोतंत एकासारखे एक घडणार नाहीत. एका नांगराचा मोडलेला भाग काढून दुसरा बसवावयाचा, तर सर्व भाग एकाच मापाचे हवेत. त्याला एकच मार्ग होता. लोखंडाचे पाणी करावयाचे आणि ते साच्यात ओतावयाचे.

बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच पदार्थाची तीन रूपे आपल्या नित्य परिचयाची आहेत. लोखंडालाही अशीच रूपे आहेत; परंतु ती पाहण्यासाठी प्रचंड उष्णता लागते. पाणी उकळते 100 अंशांवर. शुद्ध लोखंड वितळावयास 1538 अंश उष्णतामान लागते. सुदैवाने एक गोष्ट ओताऱ्याच्या मदतीला येते. लोखंडात तीन-चार टक्के कार्बन मिसळलेला असला, तर ते 1150 ते 1200 अंशांच्या सुमारासच वितळू लागते. बर्फात मीठ मिसळले की बर्फ जसे शून्य अंशाच्या खालीही वितळते, तसाच हा प्रकार आहे. कार्बन मिसळलेले हे लोखंड म्हणजेच बीड.

बीड वितळविण्याची भट्टी उंच नळकांड्यासारखी असते. तिच्यात दगडी कोळशापासून केलेला कोक, लोखंडाचे तुकडे आणि थोडी चुनखडी यांचे थरावर थर घालतात आणि खालून पंख्याने जोराचा वारा सोडतात. लोखंड प्रथम लाल होते, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरे, आणि अखेर थेंबाथेंबाने वितळून तळाशी साचते. नुसते तापविणे आणि वितळविणे यांत भेद आहे. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळविण्यासाठी 80 कॅलरी उष्णता खर्च होते. पण तेवढी उष्णता देऊनही त्याचे उष्णतामान वाढत नाही. ती सारी उष्णता घनाचा द्रव करण्यातच जाते आणि जणू द्रवाच्या पोटात दडून बसते. म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. लोखंडाचेही तसेच आहे. तापून लाल झाले म्हणजे काम झाले असे नव्हे. त्यापुढे वितळविण्यासाठी आणखी कोळसा जाळावा लागतो. म्हणून ओतशाळेच्या धंद्यात कोक हा लोखंडाइतकाच महत्त्वाचा.

चुनखडी कशासाठी, हेही पाहण्यासारखे आहे. कोळशाची राख आणि लोखंडाला चिकटलेली वाळू चुनखडीशी एकरूप होते आणि तिची पातळ मळी बनते. मळी लोखंडापेक्षा हलकी असल्यामुळे पाण्यावर तेल तरंगावे तशी वर तरंगते. भट्टीच्या वरच्या भोकातून मळी निघून जाते आणि खालच्या भोकातून स्वच्छ लोखंडाची धार वाहते. निवडण्याचे हे काम माणूस करीत नाही, चाळणी करीत नाही; ते घनतेच्या भेदाने आपोआप होते.

साच्याचे शास्त्र याहूनही नाजूक आहे. जो भाग ओतावयाचा त्याचा लाकडी फर्मा सुतार करतो. तो फर्मा ओलसर वाळूत दाबून काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते आणि तीत लोखंड ओततात. पण लोखंड थिजून थंड होताना आकसते. शंभर बोटांमागे सुमारे एक बोट. म्हणून फर्मा तेवढ्या मानाने मोठाच करावा लागतो. जो सुतार हे विसरेल, त्याचा एकही भाग दुसऱ्यात बसणार नाही. वाळूत ओल कमी पडली तर साचा ढासळतो आणि अधिक झाली तर अनर्थ ओढवतो. कारण पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला मूळच्या पाण्यापेक्षा सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती वाफ बाहेर पडावयास वाट मिळाली नाही तर लोखंडात पोकळ फोड राहतात, प्रसंगी उकळते लोखंड उसळून माणसे भाजतात. पातळ भाग लवकर थंड झाला आणि जाड भाग मागे राहिला, तरी दोहोंच्या ओढाताणीत वस्तूला तडा जातो. लोखंड लवकर थंड केले तर ते अधिक कठीण पण ठिसूळ होते. सावकाश थंड केले तर मऊ राहते. फाळाचे टोक कठीण हवे, बाकीचे अंग चिवट हवे. हे सारे ज्याला जमले, त्यालाच नांगर जमला.

लक्ष्मणराव ही विद्या कोणत्याही कारखान्यात उमेदवारी करून शिकले नव्हते. पुस्तक वाचावे, करून पाहावे, बिघडले तर का बिघडले याचा शोध घ्यावा आणि पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा. अशा खटपटीतून सन 1903 मध्ये किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला. पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंड जमिनीत खोल गेले तर जमिनीला विष चढेल आणि ती नापीक होईल, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. वास्तविक काळ्या मातीत लोहाचा अंश मुळातच असतो. ज्या काळ्या खडकापासून ती झाली, त्यातही तो आहे. शिवाय जुन्या लाकडी नांगराचा फाळ तरी लोखंडाचाच असे. पण ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून आहे, त्याला प्रयोग करून पाहण्याची छाती होत नाही. एक हंगाम बुडाला तर सावकाराचे दार ठोठावावे लागे. शेतकऱ्याच्या या भीतीला हसण्यात अर्थ नव्हता. ती दूर करावयाची तर नांगर त्याच्या शेतात चालवून दाखविणे आणि पीक येईपर्यंत धीर धरणे, एवढाच उपाय होता.

पहिले सहा नांगर विकावयास दोन वर्षे लागली. दोन वर्षांत सहा नांगर! या हिशेबाने कोणताही व्यापारी धंदा बंद करता. लक्ष्मणरावांनी तो बंद केला नाही. ज्यांनी नांगर घेतले, त्यांच्या तक्रारी त्यांनी कान देऊन ऐकल्या आणि त्याप्रमाणे घडणीत सुधारणा केल्या. हळूहळू उलटलेल्या मातीत पीक अधिक जोमदार येते आणि तण कमी उगवते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मग शेजाऱ्याचे पाहून शेजारी नांगर नेऊ लागला. लोखंड वितळावयास जशी उष्णता लागते आणि ती मुरेपर्यंत वरून काहीच बदल दिसत नाही, तसेच लोकमतही असते.

धंद्याला कोठे बरे दिवस येत होते, तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाची वाढ करण्यासाठी जागा हवी होती, आणि त्यासाठी किर्लोस्करांना आपली कारखान्याची जागा सोडावी लागणार होती. यंत्रे, भट्टी, साचे, कारागीर हे सारे घेऊन जावे कोठे? नवी जागा घ्यावयास जवळ पैसा नव्हता. या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना हात दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि गुणांचे चाहते. लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी लक्ष्मणरावांना प्रथम औंधला एका मंडपाच्या बांधकामाचे काम दिले, आणि पुढे आपल्या संस्थानात कारखाना काढण्यास जागा व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले.

जागा मिळाली ती कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्थानकाजवळ. बत्तीस एकरांचा तो माळ उजाड होता. निवडुंगाची रानेच्या राने माजलेली, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची टंचाई. 10 मार्च 1910 रोजी या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांबरोबर आली. पहिले दिवस त्यांनी तंबूंत आणि झोपड्यांत काढले. निवडुंग तोडला, वाटा केल्या, घरे बांधली. गावाची व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली, हिशेब आणि कारभार मंगेशराव रेगे यांनी सांभाळला, यंत्रांच्या कामी अनंतराव फळणीकर आणि शंभूराव जांभेकर यांनी साथ दिली. यांतील कोणी मोठ्या पदव्या मिळविलेले नव्हते. शाळेत मागे पडलेली, कोठे सामावून न घेतलेली माणसेही लक्ष्मणरावांनी जवळ केली. एवढेच नव्हे, तर तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी पहाऱ्याचे काम दिले, आणि त्या माणसांनीही तो विश्वास राखला. मोडके लोखंड भट्टीत घातले की त्याचा पुन्हा नवा नांगर होतो. माणसांविषयीही त्यांची श्रद्धा अशीच होती.

किर्लोस्करवाडीत शिवाशीव पाळली जात नसे. घरे नीटनेटकी असावीत, अंगणात झाडे असावीत, मुलांना शाळा असावी, आजाऱ्याला औषध मिळावे, याकडे दोघे भाऊ जातीने लक्ष देत. ज्या माळावर निवडुंग माजला होता, तेथे काही वर्षांत झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या.

सन 1914 मध्ये युरोपात पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगर येणे थांबले आणि किर्लोस्करांच्या नांगरांना मागणी वाढली. पण त्याच वेळी कच्चे लोखंड, कोक आणि रंग मिळेनासे झाले. मागणी असून माल करता येऊ नये, असा तो प्रसंग होता. वितळविण्यासाठी जेथून मिळेल तेथून मोडके लोखंड गोळा करावे लागे. या काळात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील जुन्या निकामी तोफा वितळविण्यासाठी कारखान्याकडे दिल्या, अशी हकीकत सांगितली जाते. तोफेतील लोखंड आणि नांगरातील लोखंड यांत फरक काय? पदार्थ तोच, भट्टीने त्याचा जुना आकार पुसला आणि साच्याने त्याला नवे काम दिले.

युद्ध संपल्यावर 1920 साली कारखान्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. नांगर आणि कडब्याचे यंत्र यांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून 1926 साली परत आले आणि कामाला नवी गती मिळाली. पुढे हरिहर, पुणे व बंगळूर येथे किर्लोस्करांचे कारखाने निघाले, आणि लेथ यंत्रे, तेलावर चालणारी इंजिने, विजेच्या मोटारी अशा वस्तू या देशात घडू लागल्या. विहिरीत पाणी असून ते वर आणता येत नाही, म्हणून जी शेते कोरडी राहत, त्यांना या इंजिनांनी आणि पंपांनी भिजविले. पण या साऱ्या पसाऱ्याचे मूळ त्या पहिल्या सहा नांगरांतच होते.

लक्ष्मणरावांचे राहणे अखेरपर्यंत साधे होते. कारखान्यात फिरताना एखादे काम सदोष दिसले तर ते जागच्या जागी थांबून त्याचे कारण शोधीत. वस्तूत दोष राहिला तर तो शेतकऱ्याच्या शेतात, ऐन हंगामात उघडा पडेल, याची जाणीव त्यांना होती. बैल जुंपलेले, आभाळ भरून आलेले आणि अशा वेळी फाळ तुटला, तर नुकसान कारखान्याचे होत नाही. ते एका कुटुंबाच्या भाकरीचे होते.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे 20 जून 1969 रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे, आणि कुंडल रोड हे जुने नाव जाऊन रेल्वे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले आहे. शेतांत आता बैलांच्या जागी बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर आले आहेत. पण त्यांच्या मागे जोडलेला नांगरही फाळाने माती कापतो आणि पंख्याने ती उलटतो. तत्त्व बदललेले नाही.

पदार्थाचे नियम कोणासाठीही वाकत नाहीत. लोखंड आपल्याच उष्णतामानाला वितळते, आपल्याच मानाने आकसते, आणि ओल्या साच्याला क्षमा करीत नाही. ते नियम चिकाटीने समजून घेणाऱ्याला मात्र हेच कठोर लोखंड पाण्यासारखे वाहून हवा तो आकार देते. रंग न ओळखणाऱ्या डोळ्यांनी आणि पदवी नसलेल्या हातांनी लक्ष्मणरावांनी हे नियम शिकून घेतले, आणि त्या ज्ञानाचा पहिला उपयोग केला तो काळ्या मातीत राबणाऱ्या माणसासाठी.